मोबाइलवरचे खेळ आणि मेंदूची तपासणी : वाचकांचे प्रश्न

स्मरणशक्ती, लक्ष, वेग मोजून देतो म्हणणारे खेळ आता घरोघरी फोनवर आले आहेत. त्यांच्या निकालांनी धास्तावलेल्या किंवा उगाच निर्धास्त झालेल्या वाचकांच्या पत्रांतून आठ प्रश्न इथे घेतले आहेत. नावं छापलेली नाहीत.

प्रश्न (सातारा) : वडील 68 वर्षांचे, बँकेतून निवृत्त. नातवाने त्यांच्या फोनवर एक खेळ टाकून दिला. पाच मिनिटं खेळल्यावर 'तुमच्या मेंदूचं वय 79' असं आलं. तेव्हापासून ते गप्प गप्प असतात. हे कितपत खरं मानायचं?

मानू नका, आणि ते वडिलांना आजच सांगा. खेळात दिसणारं 'मेंदूचं वय' कोणीही मेंदूविकारतज्ज्ञ निदानासाठी वापरत नाही. असे खेळ साधारणपणे तुमचा वेळ आणि चुका घेतात, आधी खेळलेल्यांच्या सरासरीशी ताडून बघतात आणि ज्या वयोगटाशी जुळेल ते वय छापतात. असा खेळ आपणहून उतरवून घेणारे बहुतेक जण फोनवर खेळण्यात मुरलेले असतात, त्यांच्यातले साठीचेसुद्धा. त्यांच्या रांगेत पहिल्यांदाच खेळणारा माणूस उभा केला तर तो मागेच दिसणार.

शिवाय त्या पाच मिनिटांत मेंदूबरोबर आणखी बरंच काही मोजलं गेलं. वय वाढलं की बोटांची कातडी कोरडी होते, त्यात वर जाड काच चिकटवलेली, त्यामुळे पहिला स्पर्श फोन घेतच नाही. मोतीबिंदू सुरू असेल तर फिक्या रंगावरची फिकी आकृती उशिरा दिसते. फोनचा स्वतःचा उशीर वेगळा. साध्या स्क्रीनवरचं चित्र सेकंदाला 60 वेळा बदलतं, म्हणजे दर 16.7 मिलिसेकंदांनी, आणि स्पर्श नोंदवायला आणखी बरेच मिलिसेकंद जातात. काही दिसताच बोट टेकवायला तरुण माणसाला साधारण पाव सेकंद, म्हणजे 250 मिलिसेकंद लागतात. जुन्या फोनने त्यात 50 मिलिसेकंद घातले तर ती पाचव्या हिश्शाची वाढ झाली, आणि तिचा डोक्याशी संबंध नाही.

तोच खेळ वडिलांनी चार-पाच दिवस खेळून पाहिला तर ते 'वय' बहुधा खाली येईल. त्यात मेंदू तरुण झालेला नसतो, हात बसलेला असतो. खेळ बाजूला ठेवून एक गोष्ट मात्र जरूर तपासा. हयातीचा दाखला, वीजबिल, पासबुकातल्या नोंदी, नेहमीची औषधं ही कामं ते दोन वर्षांपूर्वीसारखीच करतात का? करत असतील तर काळजी सोडा. त्यात फरक पडला असेल तर खेळात 50 वय आलं असतं तरी डॉक्टरांना दाखवायला हवं होतं.

प्रश्न (ठाणे) : होडी चालवण्याच्या एका मोबाइल खेळावरून अल्झायमरचा धोका कळतो, असं वाचलं. आईला तो द्यावा का?

तुम्ही वाचलंत तो 'सी हीरो क्वेस्ट'. 2016 मध्ये डॉइचं टेलिकॉम, अल्झायमर्स रिसर्च यूके ही संस्था, युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन आणि ईस्ट अँग्लिया विद्यापीठ यांनी मिळून तो आणला, आणि ग्लिचर्स या कंपनीने घडवला. जगभरातून 40 लाखांहून जास्त लोक तो खेळले. या विषयातला हा सगळ्यात गंभीरपणे केलेला प्रयोग, म्हणून त्याबद्दल नीट सांगण्यासारखं आहे.

खेळाचा गाभा साधा आहे. सुरुवातीला नकाशा दिसतो, त्यावर क्रमांक घातलेली ठिकाणं असतात. नकाशा मिटला की त्या क्रमाने होडी न्यायची. दुसऱ्या प्रकारात वळणावळणाच्या पाण्यातून शेवटापर्यंत जायचं आणि आपण निघालो ते ठिकाण कोणत्या दिशेला राहिलं हे ओळखून तिकडे उजेडाचा बाण सोडायचा. होडी कुठे आहे याची नोंद सेकंदाला दोनदा होत राहते. म्हणजे जिंकलात की हरलात एवढंच नोंदलं जात नाही, कुठे घुटमळलात आणि कुठून काठाकाठाने गेलात हेही कळतं.

रस्ता शोधणंच का मोजायचं? अल्झायमरमध्ये सर्वांत आधी बाधित होणाऱ्या भागांत हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या शेजारचा एंटोऱ्हायनल भाग येतात, आणि आपण कुठे आहोत याचा हिशेब मेंदू तिथेच ठेवतो. शब्दांची यादी आठवायला सांगणाऱ्या चाचणीत अजून काही दिसत नसतं, तेव्हा वाट शोधण्यात फरक दिसेल का, हा संशोधकांचा प्रश्न होता. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साठ-पासष्ट निरोगी लोकांची जनुकीय तपासणी केली होती. अल्झायमरचा धोका वाढवणारा 'एपीओई-ई4' हा जनुकाचा प्रकार असलेले लोक नेहमीच्या स्मरणचाचणीत इतरांसारखेच निघाले. खेळात मात्र ते लांबचा मार्ग घेत आणि काठ धरून चालत.

हा फरक गटाचा आहे. दोन गटांच्या सरासरीत अंतर पडलं म्हणून एका माणसाच्या खेळावरून तो कोणत्या गटातला हे ठरत नाही. ई4 असलेल्या अनेकांना अल्झायमर कधीच होत नाही, आणि नसलेल्यांनाही होतो. त्यात माणूस वाढला कुठे यानेही फरक पडतो. 2022 मध्ये आलेल्या विश्लेषणात 38 देशांतले जवळजवळ चार लाख खेळाडू होते. चौकोनी आखणीच्या शहरांत बालपण गेलेले लोक वाट शोधण्यात कमी पडले, शहराबाहेर वाढलेले पुढे राहिले. वाडीवस्तीच्या पायवाटांवर वाढलेली आई आणि सरळ सेक्टरांत वाढलेली तिची सून यांची होडी एकाच मापाने मोजता येत नाही.

या संशोधकांची एक गोष्ट फार मोलाची वाटते. सुरुवातीच्या दोन सोप्या पातळ्यांवर फक्त होडी हाकता येते का एवढंच दिसतं. पुढचे गुण त्या पातळ्यांशी तोलून बघितले, म्हणजे फोन हाताळण्याची सफाई निकालातून वजा झाली. बाजारातल्या बहुतेक खेळांत ही काळजी घेतलेली दिसत नाही. तेव्हा आईला असा खेळ गंमत म्हणून खुशाल द्या, धोका ओळखण्यासाठी नको.

प्रश्न (नांदेड) : सासूबाई 72 वर्षांच्या, शाळेत कधी गेल्या नाहीत. फोन फक्त उचलतात आणि नातवंडांचे फोटो बघतात. मुलाने त्यांच्याकडून स्मरणशक्तीचा खेळ करून घेतला, गुण अगदीच कमी आले. आता त्या स्वतःच म्हणतात, 'माझं डोकं गेलं.' काय करावं?

डोकं गेलेलं नाही, मोजमाप चुकलं. शाळेत न गेलेल्या माणसाला कागदावरच्या किंवा काचेवरच्या सपाट आकृत्या पाहून त्या उलट्यासुलट्या आठवायची सवयच नसते. ही सवय शाळेत लागते. त्यात बाण, घर, दातेरी चक्र अशी चिन्हं, इंग्रजी आकडे, सूचनाही इंग्रजीत. आणि एक बारीक गोष्ट, जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही : मोठी माणसं बटण दाबावं तसं बोट दाबून धरतात. बरेच खेळ बोट उचलल्यावर स्पर्श मोजतात. अर्धा सेकंद दाबून धरलं की अर्धा सेकंद 'मंद' झालात. काही खेळांना तर तो स्पर्श न वाटता लांब दाबणं वाटतं, मग ते दुसरंच काहीतरी उघडतात आणि आजी घाबरून फोन खाली ठेवतात.

ही अडचण मोबाइलच्या आधीपासूनची आहे. स्मरणशक्ती आणि आकलन तपासणारी, जगभर वापरली जाणारी 30 गुणांची एमएमएसई चाचणी 1975 ची. तिच्यात वाचणं, वाक्य लिहिणं, वजाबाकी करणं आहे. हरियाणातल्या बल्लभगढ भागात निरक्षर वृद्धांची तपासणी करायची तेव्हा मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी तिचं हिंदी रूप नव्याने बसवलं, ते 1995 मध्ये प्रसिद्ध झालं. लिहिलेली सूचना वाचून तसं करा, याऐवजी 'मी करतो तसं करा' आलं. शंभरातून सात-सात वजा करण्याऐवजी वार उलटे म्हणायला लावले. माणूस तोच, प्रश्न त्याच्या आयुष्यातला झाला.

सासूबाईंसाठी तुम्हीच सगळ्यात चांगलं मोजमाप करू शकता, कारण तुम्ही रोज त्यांच्यासोबत असता. जवळच्या माणसाला विचारून बदल ओळखण्याची रीत अँथनी जॉर्म यांनी 1989 मध्ये मांडली. तिच्यात दर गोष्टीला दहा वर्षांपूर्वीशी तुलना करायची असते. तसंच करा. नेहमीच्या कालवणात मीठ दोनदा पडतं का किंवा राहून जातं का? गॅस चालू राहिल्याचं अलीकडे किती वेळा झालं? भाजीवाल्याकडून उरलेले पैसे बरोबर घेतात का? भिशीचा हप्ता कोणाकडे दिला हे लक्षात राहतं का? तोच प्रश्न तासाभरात तिसऱ्यांदा विचारतात का? ओळखीच्या गल्लीत वाट चुकल्या का? पाच-सहा महिन्यांत यातल्या दोन-तीन गोष्टी ठळकपणे बदलल्या असतील तर डॉक्टरांकडे जा. तिथे ऐकू येण्याची तपासणी, बी-12, थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर, सोडियम यांची आठवण करून द्या. कमी ऐकू येणं कितीतरी घरांत विसराळूपणा म्हणून खपून जातं. रोज घेत असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. झोपेच्या, सर्दी-खाजेच्या आणि लघवीवर ताबा ठेवण्याच्या काही गोळ्यांनी वयस्कर माणसाची स्मरणशक्ती मंदावते.

प्रश्न (कोल्हापूर) : तरीही घरच्या घरी मोजून ठेवायचं असेल तर नीट पद्धत कोणती? मी 61 वर्षांचा, निवृत्त शिक्षक, नोंदी ठेवायची सवय आहे.

नोंदींची सवय असेल तर यातून उपयोगाचं काही मिळू शकेल. दुसऱ्यांशी तुलना पूर्ण सोडायची, फक्त स्वतःशी करायची.

दोन खेळ पुरेत. एक, स्क्रीनवर काही दिसताच बोट टेकवायचा, जो मिलिसेकंद दाखवतो. दोन, चौकोन उजळत जातात त्या क्रमाने ते पुन्हा दाबायचा. पहिल्यात लक्ष आणि वेग, दुसऱ्यात जागेची तात्पुरती आठवण मोजली जाते. नऊ ठोकळ्यांची जुनी कॉर्सी चाचणी या दुसऱ्याचं मूळ. बहुतेक प्रौढांना पाच-सहा ठोकळ्यांचा क्रम लक्षात राहतो. त्यात एका ठोकळ्याने कमीजास्त होणं म्हणजे काहीच नाही. नुसते 'गुण' किंवा तारे देणारा खेळ घेऊ नका, आणि तुम्ही जिंकाल तसा अवघड होत जाणारा तर नकोच. त्यात मार्चमधले 800 आणि जूनमधले 800 एकाच गोष्टीचे राहत नाहीत. खेळाचं आपोआप अद्ययावत होणंही बंद ठेवा.

फोन एकच, आणि टेबलावर ठेवलेला. हातात धरला की अंगठा मध्ये येतो. बॅटरी वाचवण्याची सोय बंद करा, ती चालू असताना बरेच फोन स्क्रीनचा वेग 120 वरून 60 वर आणतात. विमान मोड लावा. संदेशाची एक पट्टी वरून उतरली की एक स्पर्श वाया जातो. नेहमीचा चष्मा, नेहमीचं एकच बोट, काच कोरड्या कापडाने पुसलेली. वेळ रोज तीच : नाश्त्यानंतर तासाभराने बरी, जेवणानंतर नको. चहा घेत असाल तर रोज घ्या, नाहीतर एकही दिवस नको.

पहिल्या तीन दिवसांचे आकडे लिहून काढून टाका, तो सराव. पुढचे सात दिवस रोज किमान 30 स्पर्श. 150 मिलिसेकंदांपेक्षा कमी आलेला स्पर्श अंदाजाने मारलेला धरा आणि गाळा. 500 च्या वर गेलेले वेगळे मोजा, त्यांना लक्ष सुटलेले क्षण म्हणतात. झोप अपुरी झाली की आधी हेच वाढतात. अमेरिकेतले डेव्हिड डिंजिस यांनी बसवलेल्या दहा मिनिटांच्या सतर्कता-चाचणीत हीच मोजणी असते, आणि तिचं तीन मिनिटांचं रूप अंतराळ स्थानकावरच्या अंतराळवीरांनीही वापरलं आहे.

सरासरी काढू नका, मध्यक काढा. 30 स्पर्श 300 मिलिसेकंदांचे आले आणि एकदा दारावरची बेल वाजली म्हणून 1500 चा आला, तर सरासरी 339 होते आणि उगाच मनाला लागते. चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घेतला तर तो 300 च राहतो. समजा सात दिवसांचे मध्यक 318, 305, 331, 312, 340, 309, 322 आले. तुमची बेसलाइन 318 आणि तुमची नेहमीची हालचाल 305 ते 340. तीन महिन्यांनी पुन्हा सात दिवस मोजा. नवा मधला आकडा या पट्ट्यात असेल तर काही बदललं नाही, 318 चे 333 झाले तरी. पट्ट्याबाहेर गेला तर आधी कारण शोधा : नवा फोन, नवी काच, नवी गोळी, ताप, जागरण. दोन आठवड्यांनी परत घ्या. तरीही बाहेरच राहिला आणि रोजच्या कामांतही फरक जाणवत असेल, तर ती वही डॉक्टरांपुढे ठेवा.

वहीत आकड्यांशेजारी झोपेचे तास, औषधं आणि 'उपवास' असे तीन रकाने हवेत. निर्जळी एकादशीचा आकडा बाकीच्या दिवसांत मिसळू नका. आणि रोज सकाळी आकड्याची भीती वाटायला लागली तर हे सगळं थांबवा. भीतीने वेग खरोखर बदलतो, मग मोजणीला अर्थ राहत नाही.

प्रश्न (पुणे) : आम्ही इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचे चौघे 'स्मृतिभ्रंश ओळखणारा मराठी खेळ' करतो आहोत. 90 टक्के अचूकता गाठायची आहे. कशाकडे लक्ष द्यावं?

आधी त्या 90 टक्क्यांकडे. एका राष्ट्रीय पाहणीच्या आधारे 2023 मध्ये आलेल्या अंदाजाप्रमाणे भारतातल्या साठीपुढच्या 7.4 टक्के लोकांना, म्हणजे सुमारे 88 लाखांना स्मृतिभ्रंश आहे. तेव्हा प्रत्येकाला 'तुम्हाला काही नाही' एवढंच सांगणारं, काहीही न मोजणारं ॲप 92.6 टक्के अचूक ठरतं. अचूकता हे इथे मापच नव्हे.

उलट बाजूने पाहा. तुमचा खेळ आजार असलेल्या शंभरातल्या 85 जणांना पकडतो आणि निरोगी शंभरातल्या 85 जणांना बरोबर सोडतो असं धरू. पहिल्या प्रयत्नाला हे फारच चांगलं. हजार ज्येष्ठांवर लावा. 74 आजारी, त्यातले 63 सापडले. 926 निरोगी, त्यातले 139 उगाच संशयित ठरले. म्हणजे लाल खूण मिळालेल्या 202 जणांत खरे आजारी 31 टक्के. बाकी दोन-तृतीयांश घरांत तुम्ही झोप उडवलीत. म्हणून निकालाच्या पडद्यावर आजाराचं नाव नको, आणि शीर्षकातला 'ओळखणारा' हा शब्दही काढा.

वेळ मोजताना अँड्रॉइडमध्ये प्रत्येक स्पर्शासोबत त्याची स्वतःची वेळ येते, ती घ्या. तुमच्या कोडने तो स्पर्श वाचला ती वेळ घेऊ नका. बोट टेकल्याची आणि उचलल्याची, दोन्ही वेळा साठवा. चित्र पडद्यावर प्रत्यक्ष कोणत्या फ्रेमला आलं तेही नोंदवा. फोनचा एकूण उशीर तपासायला दुसऱ्या फोनवर सेकंदाला 240 फ्रेमचं संथ चित्रण करा : बोट टेकल्यापासून रंग बदलेपर्यंत फ्रेम मोजा, दर फ्रेम 4.2 मिलिसेकंद. वीस वेळा करा, तीन किमतींच्या फोनांवर करा. तुमच्या फोनवर आणि आजोबांच्या जुन्या फोनवर किती अंतर पडतं ते स्वतः पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. चित्र येण्यातलं अंतर दोन ते दहा सेकंदांत बदलतं ठेवा, नाहीतर लोक ताल धरतात.

आता मराठीपण. '1-ए-2-बी' अशी आलटूनपालटून जोडायची जुनी चाचणी 25 वर्तुळांची असते : 13 आकडे, 12 अक्षरं. तिचं मराठी करताना सरळ '१-क-२-ख' लावलंत तर बारा अक्षरांत ङ आणि ञ येतात. भलेभले शिकलेले तिथे अडखळतात, आणि तो अडखळा मेंदूचा नसतो. छोट्या अक्षरात ङ आणि ड एकसारखे दिसतात, १ आणि ९ ची गल्लत होते. अक्षरांऐवजी दोन रंगांतले आकडे आलटूनपालटून जोडायला देणं जास्त बरं. मराठी आकडे तोंडी घेणार असाल तर शंभरातून सात वजा करत 93, 86 च्या पुढे 79 येतात, आणि आपण त्याला 'एकोणऐंशी' म्हणतो. ऐकणाऱ्याच्या कानात ऐंशी राहतं. असे आकडे एखाद्या यादीत जास्त आणि दुसऱ्या यादीत कमी पडले तर दोन याद्या सारख्या अवघड राहत नाहीत. याद्या निदान तीन लागतील, कारण तीच यादी दुसऱ्यांदा दिली तर पाठांतर मोजलं जातं.

आरंभी एक पातळी अशी ठेवा, की जिच्यात फक्त बोट चालवणं आहे, आठवायचं काही नाही. पुढचे सगळे आकडे तिच्याशी तोलून पाहा. शिक्षणाची वर्षं आणि फोन किती वर्षं वापरतात हे विचारा. ताडून बघायला मान्य चाचणी हवी. 30 गुणांची 'मोका' 2005 पासून वापरात आहे, मराठीत उपलब्ध आहे, पण ती घ्यायला प्रशिक्षण लागतं, म्हणून मानसशास्त्रज्ञ सोबत घ्या. तुमच्या खेळाचा निकाल माहीत नसलेल्या माणसाने ती घ्यावी. माणसांवर काही करण्याआधी नैतिकता समितीची मंजुरी घ्या, आणि 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला धरून, मराठीत, समजेल अशी संमती. हे सगळं एका वर्षात पुरं होणार नाही. 40 जणांवर नीट केलेली वेळमोजणी आणि सरावाचा आलेख एवढंच दिलंत तरी तो प्रामाणिक प्रकल्प होईल, आणि पुढच्या तुकडीला त्यावर उभं राहता येईल.

प्रश्न (मडगाव) : हे खेळ रोज खेळले तर विस्मरण टळतं का? वर्षाचे पैसे भरायच्या विचारात आहे.

टळण्यासाठी म्हणून भरू नका. अमेरिकेत लुमोसिटी या खेळांच्या कंपनीने असेच दावे जाहिरातींत केले होते. ते सिद्ध करण्याइतका पुरावा नसल्याचं तिथल्या व्यापार आयोगाने म्हटलं, आणि जानेवारी 2016 मध्ये कंपनीने 20 लाख डॉलर भरून तडजोड केली. साठीपुढच्यांवरच्या प्रशिक्षणाचा एक मोठा अमेरिकी अभ्यास 2,832 जणांवर झाला. 2002 मध्ये त्याचे पहिले निष्कर्ष आले तेव्हा जे शिकवलं त्यातच सुधारणा दिसली : वेगाचा सराव केलेल्यांचा वेग वाढला, स्मरणशक्ती त्यामुळे वाढली नाही. खेळ आवडत असतील तर फुकटचे खेळा. मोजणीसाठी ठेवलेला खेळ मात्र करमणुकीसाठी खेळू नका, हात बसला की त्याचं माप बिघडतं.

प्रश्न (न्यू जर्सी) : मुलगा नऊ वर्षांचा. शाळा म्हणते लक्ष नाही, पण मोबाइलवर तासभर एकाग्र असतो. इथे एडीएचडीसाठी डॉक्टर एक खेळ लिहून देतात असं ऐकलं. त्या खेळानेच निदान होईल ना?

नाही. तुम्ही ऐकलंत तो 'एंडेव्हर-आरएक्स'. जून 2020 मध्ये अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेने (एफडीए) त्याला 8 ते 12 वर्षांच्या मुलांसाठी परवानगी दिली, ती उपचाराला जोड म्हणून. दिवसाला साधारण 25 मिनिटं, आठवड्यात पाच दिवस, चार आठवडे, असा त्याचा क्रम. निदान आधी झालेलं असावं लागतं.

ते निदान डॉक्टर घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणच्या, सहा महिन्यांहून जास्त चाललेल्या आणि बाराव्या वर्षाआधी सुरू झालेल्या वागण्यावरून करतात. तेव्हा शिक्षकांकडून भरलेली प्रश्नावली कोणत्याही खेळापेक्षा कामाची. आणि मोबाइलवर तासभर बसतो म्हणून एडीएचडी नाही, असं समजू नका. खेळात दर दोन-तीन सेकंदांनी बक्षीस मिळतं, पाढे पाठ करताना मिळत नाही. शाळेत कमी दिसणं किंवा कमी ऐकू येणं हेही आधी तपासून घ्या.

प्रश्न (अहिल्यानगर) : आजोबा 80 वर्षांचे, रोज चौकोनांचा खेळ खेळतात. परवापासून गुण एकदम निम्म्यावर आले, दुपारी झोपाळलेले असतात, रात्री काहीबाही बोलतात. आठवडाभर खेळ घेऊन पाहावं का?

एक दिवससुद्धा नको. हे वाचत असाल तेव्हा त्यांना डॉक्टरांकडे नेलेलं असावं. स्मृतिभ्रंश महिन्यांनी आणि वर्षांनी वाढतो. दोन दिवसांत घसरलेलं डोकं, दिवसा गुंगी आणि रात्री बडबड हे बहुतेक वेळा डिलीरियमचं, म्हणजे अचानक येणाऱ्या गोंधळलेल्या अवस्थेचं, लक्षण असतं आणि त्याचं कारण शरीरात कुठेतरी असतं : लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, सोडियम घसरणं, साखर वरखाली होणं, लघवी तुंबणं, पाणी कमी पडणं, नवी गोळी, पडल्यावर डोक्याला बसलेला मार. महिन्याभरात पडले होते का हे आठवून सांगा, मार किरकोळ वाटला असला तरी. कारण सापडलं तर बहुतेकदा माणूस पुष्कळसा पूर्ववत होतो, उशीर झाला तर जीवावर बेतू शकतं.

टोरांटोतल्या संशोधकांनी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात आलेल्या वृद्धांसाठी बिळातून डोकं काढणाऱ्या प्राण्याला टिपायचा टॅबलेटवरचा खेळ करून पाहिला, तो मेंदूची अशी बिघडलेली स्थिती चटकन लक्षात यावी म्हणून. पण तिथे रुग्ण आधीच डॉक्टरांच्या समोर होता.

जाताना खेळातल्या गेल्या महिन्याच्या गुणांचा फोटो सोबत घ्या. बदल नेमका कोणत्या दिवशी सुरू झाला हे डॉक्टरांना त्यावरून कळेल. चालू औषधांची पिशवी, चष्मा आणि कानाचं यंत्र विसरू नका. रुग्णालयात यंत्र नसलं की आजोबा आणखी गोंधळतात. तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं किंवा जागं करूनही जागे होईनात, तर रिक्षा शोधत बसू नका, 108 ला फोन करा आणि त्यांना शेवटचं ठीक किती वाजता पाहिलं होतं ती वेळ कागदावर लिहून ठेवा.